तंबाखूच्या रानात घास

आमच्याकडे वैरण पेरत नाहीत, ती उरते. ऊस तुटला की वाडं उरतं, शाळू काढला की कडबा, भात झोडपलं की पिंजर, सोयाबीन मळलं की भुसकट. तेही संपलं तर बांधावरचं गवत आहेच. जनावराच्या पुढ्यात पडतं ते माणसाच्या पिकातलं शिल्लक, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही. हत्तीगवताचा एखादा पट्टा असतो, पण तो पाटाच्या कडेला. रानाच्या मधोमध वैरण दिसली की गाव समजतं, घरधनी आळसावला किंवा मुलं पुण्याला गेली.

म्हणून विहिरीखालच्या काळ्या रानात लसूणघासाची वैरण करू या, असं मी जेवताना म्हटलं तेव्हा मामंजींनी घास तोंडात घालायचा थांबवला नाही, नुसतं विचारलं, "वैरणीला कोण काळं रान देतं व्हय, पोरी?"

प्रश्न रास्त होता. त्या रानात त्यांच्या वडिलांनी तंबाखू केला, त्यांनी केला, आमच्या ह्यांनीही काही वर्षं केला. आमचं गाव कर्नाटकातल्या निपाणी आणि संकेश्वरच्या मधे, पुणे-बंगळूर महामार्गापासून थोडं आत. घरात मराठी, उताऱ्यावर कन्नड, बाजारात दोन्ही. या पट्ट्यात विडीच्या तंबाखूनं घरं बांधली, लग्नं लावली, वखारी उभ्या केल्या आणि त्या वखारींत बायकांची फुप्फुसंही खराब केली. १९८१ साली भावासाठी शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडून बसले होते. एप्रिलमध्ये गोळीबार झाला आणि १२ शेतकरी गेले. मामंजी तेव्हा तरणे होते आणि त्या रस्त्यावर होते. त्याबद्दल ते सहसा बोलत नाहीत. तंबाखूबद्दल मात्र विचारा, रात्र पुरणार नाही.

आता तंबाखूखालचं बरंचसं रान उसानं आणि सोयाबीननं घेतलंय. आमच्या घरातही तंबाखू काही गुंठ्यांवर आलाय, तोही मामंजींच्या हट्टापायी. गोठा मात्र वाढला. म्हशी आहेत, दोन संकरित गायी आहेत, आणि दुधाच्या पैशांतला मोठा भाग पेंडीच्या पोत्यांत जातो. तो खर्च कमी करायचा तर प्रथिनं रानातूनच आली पाहिजेत, एवढा माझा साधा हिशेब. लसूणघासाच्या वाळलेल्या वजनात अठरा-वीस टक्के प्रथिनं असतात. वाड्यात त्याच्या निम्मीही नाहीत.

पण हा लेख हिशेबाचा नाही. घास लावता लावता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती सांगायची आहे. घासाला जे कसब लागतं ते ऊसवाल्याकडे नसतं, तंबाखूवाल्याकडे असतं. आमच्या भागात ते हातांत अजून शिल्लक आहे आणि ते हात आता सत्तरीच्या पुढचे आहेत.

उसाला काय लागतं? सरी सोडा, कांडी टाका, पाणी पाजा. ढेकळं राहिली तरी ऊस त्यातून वर येतो. सोयाबीनचं बीही ठसठशीत, थोडं खाली-वर पडलं तरी माफ. घासाचं बी याच्या अगदी उलट. एका ग्रॅममध्ये साधारण पाचशे दाणे. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरपेक्षा खाली गेलं तर कोंब वर यायच्या आत बियातलं बळ संपतं, आणि नुसतं वर राहिलं तर मुंग्या नेतात. मी हे मामंजींना सांगितलं तेव्हा ते हसले. तंबाखूचं बी एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या वर असतं. चिमटीत धरलं तर बी कुठलं आणि बोटावरची धूळ कुठली कळत नाही. त्याचं तरू, म्हणजे लावणीची रोपं, टाकणाऱ्या माणसाला मी बारीक बियाण्याचं कौतुक सांगत होते.

तिथपासून त्यांचा विरोध मावळला असं नाही, पण ते रानात यायला लागले.

एप्रिलमध्ये खोल नांगरट करून घेतली होती. घासाचं मूळ सोटमूळ, मोकळी जमीन मिळाली तर दोन-तीन मीटर खाली जातं. तेच उन्हाळ्यात पिकाला तारतं. पण वर्षानुवर्षं ट्रॅक्टरचा फाळ एकाच खोलीवर फिरला की खाली एक कडक थर बसतो. सोयाबीन वरच्या मातीतही निभावून नेतं, घासाचं मूळ मात्र तिथं आडवं वळतं. तो थर फोडला, उन्हात ढेकळं तापू दिली, जूनमध्ये सोयाबीन टाकलं. ते सप्टेंबरअखेर निघालं. मग परतीच्या पावसाची वाट. आमच्या काळ्या रानात घात येण्याचे, म्हणजे मशागतीजोगी ओल असण्याचे, दिवस मोजकेच. ओलं असताना शिरलात तर चिखलाचे पेंड होतात, चार दिवस उशीर केलात तर दगड. मामंजी रोज सकाळी मूठभर माती उचलून दाबायचे आणि टाकून द्यायचे. एके दिवशी दाबलेला गोळा अंगठ्यानं ढकलल्यावर भुगा झाला. "आज," म्हणाले.

रोटरवाला पोरगा उत्साही. दोनदा मारतो म्हणाला, पिठासारखं करून देतो. हल्ली सगळ्यांना पीठच हवं असतं, रान छान दिसतं. मामंजींनी एकदाच मारायला लावला आणि नंतर कुळव घातला. कारण काळ्या मातीचं पीठ झालं की पहिल्या पाण्याला त्याची खपली धरते, आणि खपलीखाली घासाचा कोंब गुदमरतो. वर मटाराएवढी कणी हवी आणि खाली घट्ट बैठक. बियाला खालून ओल चढायची तर माती मातीला चिकटलेली पाहिजे. त्यांनी अनवाणी एक फेरी मारली. टाच जिथं रुतली तिथं पुन्हा फळी फिरवायला सांगितली.

याच सुमारास माझा मुलगा त्याच्या मोबाइलवर अमेरिकेतल्या घासशेतीचे व्हिडिओ बघत बसायचा. तिकडं शेकडो एकरांवर घास, तो कापून वाळवायचा, गठ्ठे बांधायचे आणि जहाजानं परदेशी पाठवायचा हाच धंदा. एका व्हिडिओत ट्रॅक्टरमागं खाचांचे लोखंडी रूळ होते. पेरणीआधी एकदा आणि पेरणीनंतर पुन्हा एकदा रूळ फिरत होते. शेतकरी मातीवर उभा राहून बुटाची टाच दाबून दाखवत होता. इंग्रजी मामंजींना कळत नाही. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "फळीच मारतोय की तो." मग पुढचा अर्धा तास मोबाइल त्यांच्याकडे होता.

पाण्याचा निचरा ही घासाची दुसरी अट. मुळं बुडून राहिली की कुजतात, एक-दोन दिवसांचं साठलेलं पाणीही पुरतं. आमच्या रानाचा खालचा कोपरा नदीच्या अंगाला झुकतो आणि पावसाळ्यात तिथं डबकं होतं. तो कोपरा सरळ वगळला, तिथं हत्तीगवत लावलं. बाकीच्या रानात उताराला धरून लांब सारे पाडले आणि शेवटी आडवा चर काढला.

खताबाबत घरात वाजलं. शेणखतावर कुणाचा आक्षेप नव्हता. पण घासाला स्फुरद भरपूर लागतं. एकरी पस्तीस-चाळीस किलो स्फुरद म्हणजे सुपर फॉस्फेटच्या चार-पाच गोण्या. नत्र मात्र नावापुरतं, कारण ते हा घास स्वतःच हवेतून घेतो. स्फुरद मातीत जागचं हलत नाही. वरून टाकून उपयोग नाही, शेवटच्या कुळवणीआधी मुळांच्या वाटेत गाडावं लागतं. आणि घास तीन-चार वर्षं राहणार, म्हणजे ती वाट पुन्हा उकरता येणार नाही. "वैरणीला गोण्या?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज असा की मी सोनं पुरायला निघाले होते. ह्यांनी गोण्या आणल्या आणि पावती मला न दाखवता खिशात ठेवली, तेव्हा मी समजले की हेही सासूबाईंच्याच बाजूचे.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. तांबडी माती, भात, काजू, आणि असा पाऊस की जूनमध्ये वाळत घातलेलं लुगडं गणपतीला वाळतं. एकाच जिल्ह्यात कणकुंबीला काही हजार मिलिमीटर पाऊस आणि अथणीला जेमतेम पाचशे-सहाशे. बेळगाव जिल्ह्यासाठी म्हणून शेतीची एकच शिफारस कुणी सांगू लागला तर मी तिथून उठते. माझ्या भावालाही घास लावायचा होता. त्याला मी म्हटलं, आधी माती तपासून घे. इतक्या पावसानं मातीतला चुना धुऊन जातो, माती आंबट होते, आणि आंबट मातीत घासाच्या मुळांवरचे जिवाणू टिकत नाहीत. पेरणीच्या काही महिने आधी चुना टाकायचा आणि मगच बियाण्याचा विचार करायचा. त्याला ते फार लांबचं वाटलं. त्यानं संकरित नेपियर लावलं, आणि त्याच्या मातीला तेच बरं, असं माझंही मत आहे.

बियाण्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. आमच्या भागात आरएल-८८ हा वाण जास्त मागतात. तो राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा, बहुवर्षायू. आनंद-२ही मिळतो. इकडं धारवाडला चारा संशोधनाचं केंद्र आहे, झाशीच्या राष्ट्रीय संस्थेचं दक्षिणेतलं ठाणं. तर माझ्याकडे घासाची माहितीपत्रिका मराठीत आणि माती तपासणीचा अहवाल कन्नडमध्ये अशी कागदपत्रं जमली. दोन्ही वाचणारी घरात मी एकटी. सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. माझा त्यातला वाटा म्हणजे स्वयंपाकघराच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले हे दोन कागद.

घासाच्या बियाण्यात सगळ्यात मोठी भीती अमरवेलीची. तिचं बी घासाच्या बियाएवढंच, रंगही जवळचा. रानात एकदा आली की पिवळ्या दोऱ्यांसारखी पसरते. तिला पानं नाहीत. घासाच्या देठात शिरून त्यातूनच खाते. बियाण्याच्या कारखान्यात ती वेगळी काढायला मखमल गुंडाळलेले रूळ वापरतात. अमरवेलीचं बी खरबरीत असल्यानं मखमलीला अडकतं, घासाचं गुळगुळीत बी निसटून जातं. म्हणून शेजाऱ्याच्या पोत्यातलं सुटं बी स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये, प्रमाणित पिशवीच घ्यावी. मामंजींना हे समजावून सांगायची वेळ आली नाही. "म्हणजे बंबाखू," ते म्हणाले. तंबाखूच्या मुळावर उगवणारी, हिरव्या पानाचा पत्ता नसलेली ती बिनपानी बांडगूळ. एका झाडाचं बी रानात झडलं तर पुढं वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही. फुलायच्या आत उपटून रानाबाहेर जाळायची, ही शिस्त त्यांना लहानपणापासून लागलेली. घासात अमरवेलीचा एकच पट्टा निघाला, वर्षभरानंतर, बांधाकडेला. त्यांनी नुसती वेल ओढली नाही. त्या वितीभर जागेतला घास बुडासकट कापला, तिथंच पाचट टाकून पेटवला आणि राख विझेपर्यंत उभे राहिले.

पेरणीचा दिवस १ नोव्हेंबरला आला. आमच्याकडे त्या दिवसाला दोन नावं आहेत. राज्योत्सव म्हणणारे राज्योत्सव म्हणतात, आम्ही काळा दिन पाळतो. हे फेरीला बेळगावला गेले. गल्लीतल्या कन्नड शेजाऱ्यांच्या दारावर लाल-पिवळा झेंडा होता आणि त्यांच्याच पडवीतून मी दाताळं मागून आणलं. त्यांच्या आजी विचारत होत्या, "कुदुरे मेंते काय?" लसूणघासाचं ते कन्नड नाव. मी होय म्हटलं. त्यांच्या माहेरी मोटेच्या बैलांना घालत, असं त्या मराठी-कन्नडच्या आमच्या नेहमीच्या मिश्रणात सांगत राहिल्या. दाताळं परत करायला उशीर करू नको, हे मात्र शुद्ध मराठीत.

आदल्या रात्री बियाण्याला जिवाणू संवर्धन लावलं होतं. गुळाचं पाणी गार करून त्यात पाकीट कालवलं, दहा किलो बियाण्याला पाव किलो, हलक्या हातानं चोळलं आणि सावलीत पसरलं. घासाला त्याचाच जिवाणू लागतो, सोयाबीनचा चालत नाही. ज्या रानात कधी घास झाला नाही तिथं तो मातीत सापडायची शक्यता कमी. दाताळ्यानं फूट-फूट अंतरावर उथळ रेघा पाडल्या. बियाण्यात बारीक वाळू मिसळून मामंजींनी ते रेघांत सोडलं. त्यांची ती चाल बघण्यासारखी होती. पाऊल आणि मनगट एकाच लयीत, मुठीतून धार ना जाड ना तुटक. तंबाखूच्या तरूच्या वाफ्यावर हे कितीदा केलं असेल! एकराला दहा किलो म्हणजे चौरस फुटात शंभरावर दाणे पडतात. त्यातली वर्षअखेर वीस-पंचवीस रोपं जगली तरी रान भरलेलं दिसतं. बाकीची मरणारच, हे आधी ठाऊक असलं की उगवण विरळ दिसल्यावर छाती धडधडत नाही.

लगेच हलकं पाणी, चौथ्या-पाचव्या दिवशी आंबवणी, म्हणजे दुसरं पाणी. थ्री-फेज वीज रात्रीची होती. बॅटरी घेऊन साऱ्यांतून पाणी फिरवणं आणि त्याचा जोर तोडणं ह्यांच्याकडे. जोर राहिला तर बी वाहून साऱ्याच्या टोकाला गोळा होतं.

पुढचा महिना-सव्वा महिना कंटाळवाणा असतो. घास वर दिसत नाही, खाली जातो, आणि लव्हाळा दिसतो. खुरपत राहायचं, बस्स.

मग एका दुपारी मामंजी एक रोप उपटून घरी घेऊन आले. चेहरा उतरलेला. मुळांवर गाठी होत्या. तंबाखूवाल्याला मुळावरची गाठ म्हणजे सूत्रकृमी, मुळात शिरणारे बारीक कृमी. तरूत गाठ दिसली की वाफाच्या वाफा फेकून द्यायचा. "रान गेलं," एवढंच म्हणाले. मी रोप धुतलं. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ओढली तर मूळ तुटतं. ही गाठ मुळाच्या अंगावर बाहेरून बसलेली, नखानं खरवडली तर अलगद निघते. मी एक नखानं चिरली. आतून गुलाबी निघाली. हा रंग म्हणजे आतले जिवाणू हवेतलं नत्र धरायच्या कामाला लागले आहेत. मामंजींनी चष्मा लावला आणि एकामागून एक बऱ्याच गाठी स्वतः चिरून बघितल्या. गुलाबी, गुलाबी, एक हिरवट. "ही मेलेली?" होय, म्हटलं. त्यांच्या आयुष्यभराच्या अनुभवाला उलटं सांगणारी ही एकच गोष्ट या सगळ्यात निघाली. त्यांनी ती किती सहज पचवली, याचं मला अजून नवल वाटतं. पुढं कितीतरी दिवस घरी येणाऱ्या प्रत्येकाला रोप उपटून दाखवायचे. मला शेवटी सांगावं लागलं, मामंजी, रान विरळ होईल.

पहिल्या कापणीची घाई करायची नाही. पन्नास-साठ दिवस होऊ द्यायचे, कारण मुळांत साठा व्हायला हवा. नंतर महिन्याला, थंडीत थोडं उशिरा, उन्हाळ्यात थोडं लवकर. शंभरातल्या दहा देठांवर जांभळी फुलं दिसली की विळा लावायचा. सगळं फुलू दिलं तर देठ काष्ठ होतं. फार आधी कापलं तर मूळ उपाशी राहतं आणि दुसऱ्या वर्षी रान बसतं. तीन-चार बोटं बूड ठेवायचं, फुटवा तिथून येतो. पुस्तकात एकरी वर्षाला चाळीस टनांच्या वर ओली वैरण लिहिलेली असते. आमच्याकडे तेवढी निघत नाही, पण पेंडीची पोती निम्म्यावर आली.

गोठ्यात एक नियम मी खडूनं दारावर लिहिलाय: दवाचा ओला घास एकटा घालू नये. ताजा, कोवळा, ओला घास उपाशी जनावरानं भरभरून खाल्ला की पोटात फेस धरतो, वायू सुटत नाही, डावी कूस ढोलासारखी फुगते आणि वेळेवर उपाय झाला नाही तर जनावर दगावतं. आधी कडबा, मग थोडा सुकवलेला घास, दोन्ही मिसळून. वाड्याबरोबर तर घास घालावाच. उसाच्या वाड्यात ऑक्झॅलेट असतं, ते अंगातला कॅल्शियम बांधून ठेवतं. गाळपाच्या हंगामात फुकट मिळतं म्हणून महिनोन्‌महिने नुसतं वाडंच घातलेली म्हैस हळूहळू खंगते. घासात कॅल्शियम मुबलक. आमच्या साखर पट्ट्यात घासाची खरी जागा इथं आहे, असं मला वाटतं. ती दुधाच्या आकड्यांत पटकन दिसत नाही, जनावराच्या चालण्यात दिसते.

आणि वाळवणं. हे आमच्या भागात जवळजवळ कुणी करत नाही. घास ओलाच घालतात. पण जानेवारी ते एप्रिल इतका येतो की जनावरांना संपत नाही, आणि जुलै-ऑगस्टमध्ये रानात पाय घालता येत नाही. तेव्हा उन्हाळ्याचा घास पावसाळ्यासाठी राखायचा तर वाळवण्याला पर्याय नाही. अडचण पानांची. घासातली दोन-तृतीयांश प्रथिनं पानांत, आणि देठ वाळायच्या आत पान वाळून चुरा होतं. दुपारच्या उन्हात उलटायला गेलं की हातात काड्या राहतात, पान मातीत. पहिल्या वेळेला मी रानाकडे निघाले तेव्हा उन्हं चांगली चढली होती. मामंजी पायरीवर बसले होते. "आत्ता कुठं? पहाटे दवात उलटायचा. मऊ असतो तवर."

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. म्हणजे तंबाखूनं शिकवलं होतं. विडीचा तंबाखू कापून रानातच उन्हात पसरतात, उलटतात, आणि वाळलेलं पान हलवायचं ते दव पडल्यावर, मऊ झाल्यावर. उन्हात हात लावला तर पानाची किंमत मातीत. भाव पानाला, चुऱ्याला नाही. तेच ज्ञान तसंच्या तसं घासाला लागू पडलं. आम्ही आता सकाळी दव सुकल्यावर कापतो, दिवसभर पातळ पसरू देतो, दुसऱ्या पहाटे अंधार असतानाच उलटतो आणि तिसऱ्या दिवशी बहुतेक वेळा सावलीत ताडपत्रीवर आणतो. वाळलाय का ते बघायला मामंजी देठ नखानं खरवडतात. साल सोलून आली तर ओल आहे, नखाखाली सालच निघाली नाही तर गंजी लावा. ओला रचला तर आतून तापतो, बुरशी धरते, आणि मोठी गंजी असली तर पेटूही शकते. हेही त्यांना नवं नव्हतं. तंबाखूच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून ऊब बघायची सवय आहे. गंजीत अजून रोज हात घालतात.

माळ्यावरचा घास हिरवट राहिला आणि वास चहाच्या डब्यासारखा आला तर जमलं म्हणायचं. ऑगस्टमध्ये, बाहेर धो धो पाऊस चालू असताना म्हशीपुढं पेंढी टाकली तेव्हा सासूबाई तिथंच उभ्या होत्या. गोण्यांचा विषय त्यांनी त्यानंतर काढला नाही. माझ्या बाजूनं बोलल्या असंही नाही.

या वर्षी घास विरळ व्हायला लागलाय. तीन पावसाळे झाले, एवढं होणारच. रान मोडायचं ठरलंय. मोडलेल्या रानात लगेच पुन्हा घास लावता येत नाही. जुन्या घासाच्या मुळापानांतून मातीत उतरलेलं काही द्रव्य नव्या रोपांनाच वाढू देत नाही, शिवाय रोगही मातीत असतात. मधे मका किंवा शाळू घ्यायचा, त्याला घासानं साठवलेलं नत्र आयतं मिळतं. तोवर नवा घास दुसरीकडे. आणि दुसरीकडे म्हणजे, निचरा आणि पाणी दोन्ही बघता, एकच जागा उरते. मामंजींचे तंबाखूचे गुंठे.

मी अजून तोंडानं म्हटलेलं नाही. पण परवा ते स्वतःच तिथली माती उचलून दाबत होते. मी विचारलं, काय बघताय? म्हणाले, "तंबाखूला बघतोय." थोडं थांबून, "अर्धं तुझ्या वैरणीला दिलं तर कुठल्या अंगाचं पायजे?" मी म्हटलं, वरच्या अंगाचं. ते म्हणाले, वरचं मिळणार नाही, वरचं तंबाखूला. खालच्या अंगाला चर काढावा लागेल. त्याचा खर्च कुणी करायचा यावर आमचं सध्या चालू आहे.